नववी मात्रा खालीलप्रमाणे

प्राध्यापक सोमेश्वर कावरखे बोलता बोलता टाचा उचलू लागले, की विद्यार्थ्यांनी ओळखावं, सरांना काहीतरी सुचलंय. मूळची उंची बेताची. टाचा उचलूनही हात फळ्याच्या वरच्या कडेला लागायचा नाही. पण त्या दोन बोटांच्या वाढीत त्यांचा सगळा आनंद मावलेला असायचा. मागच्या बाकावरची मुलं एकमेकांना कोपरानं ढोसायची, “सर उडाले बघ!”

सर गोरेगावचे, सेनगाव तालुक्यातल्या बाजाराच्या गावचे. घरी शेती. भजनी मंडळात पेटी वाजवता वाजवता गाण्याचं वेड लागलं आणि ते वेड त्यांनी एम.ए.पर्यंत नेलं. १९९१ साली हिंगोलीच्या एका कॉलेजात ते संगीताचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. हिंगोली तेव्हा जिल्हा झालेला नव्हता, परभणीतलं तालुक्याचं गाव होतं. संगीत विभाग म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक खोली, एक पेटी, एक तबलाजोडी आणि अकरा विद्यार्थी. गोरेगावच्या बाजारात कुणी भेटलं की विचारायचं,

“कॉलेजात काय शिकवता म्हणे?”

“गाणं.”

“ते कळलं हो. पण शिकवता काय?”

सर मनापासून हसायचे आणि पुढच्या माणसाला तेच उत्तर द्यायला तयार व्हायचे.

१९९४ च्या जूनमध्ये शिरड शहापूरचा जगन नावाचा मुलगा प्रवेशाला आला. पोलिओनं दोन्ही पाय गेलेले, कुबड्यांवर चालायचा. संगीताची खोली वर आहे हे कळल्यावर तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर टेकला. वर तास चालू होता. सरांना मधेच वाटलं, आपला ठेका कुणीतरी दुसरंही धरतंय. खिडकीतून वाकून पाहिलं तर जगन पायरीवर बोटांनी वाजवत होता आणि वरच्या तबलजीपेक्षा बरोबर वाजवत होता. सरांनी पेटी उचलली, बगलेत मारली आणि सगळा वर्ग मागे घेऊन जिना उतरले.

प्राचार्य व्यंकटराव भला माणूस, पण कागदाला फार भिणारा. ते धावत आले. “अहो कावरखे, खोली बदलायची तर रीतसर अर्ज करा!”

“करतो की सर. अर्ज मंजूर होईपर्यंत आम्ही इथं पोर्चमध्ये बसतो.”

महिनाभर संगीताचे तास स्कूटरींच्या मधे झाले. शेवटी व्यंकटरावांनीच कंटाळून तळमजल्यावरची जुन्या बाकांची खोली रिकामी करून दिली. तेव्हापासून सरांनी एक शिरस्ता पाडला. दर जूनमध्ये ते प्रवेशाच्या खिडकीशी कारकुनाच्या शेजारी उभे राहायचे. एखाद्या मुलाला दिसत नाही, ऐकू येत नाही, चालता येत नाही असं कळलं, की ‘तुला काय झालंय’ हे ते कधी विचारायचे नाहीत. त्यांचा प्रश्न ठरलेला होता. “घरापासून वर्गापर्यंत मधे कुठं कुठं अडतं, तेवढं सांग.” मग कुणासाठी एसटीच्या वाहकाशी बोलणं व्हायचं, कुणासाठी पुढचा बाक राखला जायचा. पेटीवाला मास्तर नसत्या भानगडीत पडतो, असं स्टाफरूममध्ये बोललं जाई. सर तेही ऐकायचे आणि चहा संपवायचे.

२००१ च्या जूनमध्ये त्याच खिडकीशी पुजा राठोड आली. पुसेगावजवळच्या तांड्यावरची. जन्मापासून दिसत नव्हतं. दहा वर्षं अंध मुलींच्या शाळेत राहून ब्रेल शिकली, पेटी शिकली. वडील धनसिंग तिला जीपनं घेऊन आले होते. उंच, डोक्याला रंगीत पागोटं, आणि बोलण्याआधी दोनदा खाकरायची सवय. सरांनी आपला ठरलेला प्रश्न विचारला. पुजानं जरा विचार केला.

“अडत कुठंच न्हाई सर. पण आत्ता आतून पेटी वाजून राहिली ना, तिची काळी चार उतरलेली हाय.”

सरांच्या टाचा तिथंच उचलल्या गेल्या. त्या पेटीची काळी चार ही पट्टी वर्षभर स्वरातून उतरलेली होती आणि ते फक्त त्यांनाच ठाऊक आहे, अशी त्यांची समजूत होती.

वर्ष आनंदात गेलं. पुजा एकदा ऐकलेलं विसरायची नाही. चुकीचा स्वर ऐकला की दातात खडा आल्यासारखा चेहरा करायची, मग तो स्वर सरांचा असला तरी. एप्रिलमध्ये पहिल्या वर्षाची परीक्षा झाली. प्रात्यक्षिकाला बाहेरगावचे परीक्षक आले, त्यांनी तिला शंभरपैकी अठ्ठ्याऐंशी गुण दिले. लेखी पेपर संगीतशास्त्राचा, पन्नास गुणांचा. पुजानं सांगायचं आणि लेखनिकानं लिहायचं.

निकाल लागला. शास्त्राच्या पेपरला पन्नासपैकी नऊ.

धनसिंग दुसऱ्याच दिवशी मुलीला घेऊन सरांच्या घरी हजर झाले. दोनदा खाकरले. “सर, पोरीला येत नसंल तर तोंडावर सांगा. आमी अडाणी मान्सं. उगं गोड बोलून ठिऊ नका.”

सरांनी प्रश्नपत्रिका काढली. “पुजा, तिथं सांगितलंस तसंच आत्ता मला सांग. एक शब्द इकडचा तिकडं नको.”

पुजानं सांगितलं. पहिल्या प्रश्नापासून शेवटच्यापर्यंत, न थांबता. सर पेन्सिलीनं गुण मांडत होते. काफी रागाची माहिती बरोबर. आरोह, अवरोह बरोबर. तीनतालाचं लेखन बिनचूक. तिचं संपलं तेव्हा बेरीज चाळीसच्या पुढं गेली होती.

“मला येतं का न्हाई?” पुजानं विचारलं.

“येतं.”

“मग येत असून मी नापास काहून?”

 सरांनी चपला पायात सरकवल्या. “चल, लेखनिकाकडं जाऊ.”

लेखनिक होती अकरावीतली वैष्णवी. तिचे वडील किसनराव कोर्टाच्या आवारात बसणारे अर्जनवीस. खेड्यापाड्यातून आलेल्या माणसांनी तोंडी सांगायचं आणि किसनरावांनी त्याचा कायदेशीर अर्ज करायचा, हा त्यांचा धंदा. वैष्णवी लहानपणापासून वडिलांचे अर्ज स्वच्छ उतरून द्यायची. तिच्या मोत्यांसारख्या अक्षरामुळेच कॉलेजनं तिला बोलावलं होतं. नियमाप्रमाणे लेखनिक खालच्या वर्गातला हवा आणि त्याला तो विषय आलेला नसावा. वैष्णवी दोन्ही बाजूंनी नियमात बसत होती.

सरांना आणि पुजाला दारात बघून ती हरखून गेली. “सर, किती गुण पडले आम्हाला?”

“ते सांगतो. पुजानं काय काय सांगितलं होतं, आठवतं का?”

“सगळं आठवतं की! मी लई मन लावून लिहिलं, सर. नुसतं लिहिलं न्हाई, सुधारून लिहिलं.”

सर उंबऱ्यातच थांबले. “सुधारून म्हणजे?”

“बाबा म्हणतात ना, सांगणाऱ्याचं बोलणं कच्चं असतं, लिहिणाऱ्यानं ते पक्कं करायचं.” आतल्या खोलीत किसनरावांनी अभिमानानं मान डोलावली. “आता बघा, पुजाताई म्हणाली, रागाचा वादी प, संवादी सा. मी म्हटलं घाईत चुकली. मी वादी आणि प्रतिवादी असं बराबर करून टाकलं.”

सर खुर्चीत बसले. ज्या स्वराला रागात सगळ्यात मोठा मान तो वादी, त्याच्या जोडीचा तो संवादी. अर्जनविसाच्या लेकीनं दोघांना कोर्टात उभं केलं होतं.

“अन् तालाचं?”

“त्यात एक शब्द अर्धाच होता. पहिल्या मात्रेवर सम. मी पुरा केला. समन्स.”

पुजाच्या तोंडून चमत्कारिक आवाज निघाला.

“पुढं?”

“पुढं ती म्हणाली, नववी मात्रा खाली. मी खालच्या ओळीवर गेले. लई येळा खाली म्हणाली, सर. मी प्रत्येक येळेस खाली खाली जात राहिले. शेवटी पुरवणी मागावी लागली.”

तालात जिथं टाळी न देता हात मोकळा सोडतात, त्या मात्रेला खाली म्हणतात. वैष्णवीच्या उत्तरपत्रिकेत तीनताल जिन्यासारखा पायरी पायरीनं उतरत गेला होता.

“आणि ती कोमल कोण?” वैष्णवीनं पुजाकडं वळून विचारलं. “सारखी तिला हाक मारत होतीस. कोमल गं, कोमल गं. मी ‘गं’वर टिंब पण दिलं. अन् ‘कोमल नि’ म्हणालीस तिथं ‘कोमल आणि’ केलं. नि हे बोलण्यातलं असतं ना, लिहिण्यात आणि पाहिजे.”

काफीतल्या कोमल ग आणि कोमल नि या दोन स्वरांचं हे ऐकून पुजा हसत सुटली. पोट धरून, भिंतीला टेकून, श्वास लागेपर्यंत हसली. सरांनाही आवरेना. वैष्णवीला कळेना काय झालं, पण तीही हसू लागली. मग पुजानं ओढणीनं डोळे पुसले आणि एकदम सरळ बसली.

“हसून झालं सर. आता माझं वरीस?”

वैष्णवीला तेव्हा सगळं समजलं आणि ती रडायला लागली. पुजानंच तिचा हात चाचपून धरला. “तुला काहून रडायला लागलं? तुला गाणं येऊ नये असाच नियम हाय. तू नियमानं वागली.”

सरांच्या टाचा उचलल्या गेल्या त्या या वाक्यावर. पोरीनं नेमक्या जागी बोट ठेवलं होतं.

त्या रात्रीच सरांनी विद्यापीठाला पहिलं पत्र लिहिलं. संगीताची लिपी चिन्हांची असते. कोमल स्वराखाली आडवी रेघ, मध्यम तीव्र असेल तर त्याच्या डोक्यावर उभी, खालीला शून्य, समेला फुली. हे ठाऊक नसलेला लेखनिक ही लिपी लिहिणार कशी? लेखनिकाला आधी चिन्हांची ओळख करून देण्याची परवानगी द्यावी. उत्तर आलं : लेखनिक संबंधित विषयाचा जाणकार नसावा, या तरतुदीत बदल करता येत नाही. सरांनी दुसरं पत्र लिहिलं. तेच उत्तर. तिसऱ्याला उत्तरच नाही. व्यंकटराव सह्या करताना दर वेळी म्हणायचे, “कावरखे, विद्यापीठाशी वाकडं कशाला घेता? एखाद्या विषयात नापास झाली तर जग बुडतं का?”

“जग नाही बुडत सर. ती बुडते.”

नापास झालेला विषय घेऊन दुसऱ्या वर्षात बसता येत होतं. तिसऱ्या वर्षाला मात्र तो सुटल्याशिवाय प्रवेश नाही. ऑक्टोबरच्या परीक्षेला पुजा बसलीच नाही. “लिहिणारी तशीच असंल तर मी पुन्यांदा समन्स काढणार न्हाई,” ती म्हणाली. म्हणजे उरली एप्रिल २००३ ची एकच संधी. तीही गेली तर आपण पेटी बंद करून तांड्यावर जाऊ, हे तिनं शांतपणे सांगून टाकलं होतं. ती चिडून बोलली असती तर सरांना इतकं लागलं नसतं.

फेब्रुवारीत सातव्या पत्रालाही उत्तर आलं नाही, तेव्हा सरांनी धनसिंगना निरोप धाडला. सकाळच्या एसटीनं तिघं विद्यापीठाच्या गावी निघाले. कळमनुरी मागं पडलं. धनसिंग खाकरून म्हणाले, “सर, सायबासमोर मी काय बोलू?”

“काही नाही. पागोटं घालून उभे राहा. पुरे आहे.”

परीक्षा विभागाचे साहेब पन्नाशीचे, चश्मा कपाळावर सरकवलेले, टेबलावर फायलींची भिंत. माणूस वाईट नव्हता. त्यांनी तिघांना बसायला सांगितलं, चहा मागवला आणि मग समजावलं, “प्राध्यापकसाहेब, नियम मुलांच्याच हिताचा आहे. विषय येणारा लेखनिक दिला तर पेपर कोण सोडवतं, कुणाला कळणार? आणि यात अवघड काय आहे हो? ती सांगणार, तो लिहिणार.”

“खरंय साहेब. मग पाच मिनिटं तुम्हीच लेखनिक व्हा.”

“मी?”

“तुम्हाला संगीत येतं?”

“छे छे!”

“म्हणजे नियमात बसता.”

साहेब हसले. कोरा कागद घेतला, चश्मा नाकावर आणला. “बत्तीस वर्षं लिहितोय मी. बोल बाळ.”

पुजानं पाठ सरळ केली. “तीनताल. मात्रा सोळा, विभाग चार. टाळी एक, पाच आणि तेरा मात्रेवर. नववी मात्रा खाली.” मग पुढं आरोह सांगितला, कोमल ग आणि कोमल नि सकट. साहेबांचं पेन सफाईनं चालत होतं. कागद त्यांनी ऐटीत सरांपुढं केला.

सरांनी वाचला आणि शेजारी उभ्या असलेल्या कारकुनाकडं दिला. कारकुनानं मोठ्यानं वाचला, “‘नववी मात्रा खालीलप्रमाणे’, दोन टिंबं.” त्यानं कागद उलटून मागं पाहिलं. “साहेब, खालीलप्रमाणे म्हणजे कोणती? खाली तर काहीच नाही.”

“तसं नव्हे,” साहेब म्हणाले, “ती खाली म्हणाली ना, म्हणून पुढं यादी असेल असं वाटलं...” आणि ते थांबले. कारकून तोंडावर हात धरून भिंतीकडं वळला होता.

सरांनी खाली म्हणजे काय ते सांगितलं. मग वैष्णवीची गोष्ट सांगितली, समन्सपासून कोमल गं पर्यंत. साहेब इतके हसले की चश्मा काढून पुसावा लागला. पण हसून झाल्यावर ते पुन्हा फायलींच्या भिंतीमागं गेले. “मान्य. पण नियम तर नियमच आहे. विषयाचा जाणकार नसावा.”

सर उठून उभे राहिले. टाचा उचलल्या. “साहेब, गणिताच्या पेपराला अंध मुलगा बसतो. त्याच्या लेखनिकाला अधिक आणि वजाचं चिन्ह काढता येतं की नाही?”

“येणारच.”

“म्हणून त्याला गणिताचा जाणकार म्हणता का?”

  सर पुढं बोलले नाहीत. नवव्या मात्रेवर हात मोकळा सोडायचा असतो, हे ते मुलांना रोज सांगत. साहेबांनी आपलाच कागद पुन्हा एकदा वाचला, ‘खालीलप्रमाणे’वर बोट ठेवलं, आणि कारकुनाला म्हणाले, “पत्र करा. लेखनिकास संगीतलिपीच्या चिन्हांची ओळख प्राचार्यांच्या समक्ष करून देण्यास हरकत नाही. आणि हो, नीट लिहा. खालीलप्रमाणे बिलप्रमाणे काही घालू नका.”

परतीच्या एसटीत धनसिंगनी ते पत्र शंभर वेळा खिशातून काढलं आणि शंभर वेळा ठेवलं. वाचता येत नव्हतं, पण शिक्का चांगला गोल होता.

लेखनिक कोण, हा प्रश्नच नव्हता. वैष्णवी बारावीचे पेपर संपवून दुसऱ्या दिवशी दारात उभी. “मी बिघडवलं, मीच निस्तरणार.” सरांनी एका कागदावर चौदा चिन्हं काढली होती. व्यंकटरावांच्या समोर दोन दुपारी तिला ती शिकवली. चिन्हं तिला अर्ध्या तासात आली. वेळ गेला तो सुधारण्याची खोड मोडण्यात. शेवटी किसनरावांनीच मनावर घेतलं. घरी ते मुद्दाम वेडंवाकडं सांगायचे आणि ती दुरुस्त करायला गेली की पट्टी आपटायचे. “बाई, हे कोर्ट न्हाई! सांगणारा बोलला तेच कागदावर!” बत्तीस गावांचे अर्ज पक्के करणारा माणूस लेकीला कच्चं लिहायला शिकवत होता.

एप्रिल उजाडला. पेपर सकाळी आठ ते अकरा. पुजा आणि वैष्णवीला वेगळी खोली दिली होती. विषयाच्या शिक्षकानं तिकडं फिरकायचं नाही, म्हणून सर व्हरांड्याच्या पार टोकाला धनसिंगबरोबर उभे होते. दार उघडं होतं. पुजाचा आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. धनसिंग म्हणाले, “चांगलं बोलून राहिली ना?”

“झोकात.”

साडेनऊ वाजता तो आवाज थांबला. एक मिनिट झालं, दोन झाली. मग बाहेरगावाहून आलेल्या पर्यवेक्षकांचा चढा आवाज ऐकू आला. “ही मुलगी रेघा आणि फुल्या काढतेय! हिला संगीत येतं! लेखनिक बदला, नाहीतर पेपर जमा करा!”

 खोलीत पाऊल टाकलं तर पेपरच रद्द व्हायचा. ते वळले आणि प्राचार्यांच्या खोलीकडं अक्षरशः पळत सुटले. पण व्यंकटराव आधीच बाहेर आले होते, हातात विद्यापीठाचं पत्र घेऊन. कागदाला भिणारा तो माणूस त्या दिवशी कागद झेंड्यासारखा वर धरून चालत होता. “तुम्ही थांबा इथंच, कावरखे. हे माझं काम आहे.”

आतलं बोलणं तुटक ऐकू येत होतं. पर्यवेक्षकांनी पत्र वाचलं. “पत्रात चिन्हं येतात असं आहे. हिला विषय येत नाही कशावरून?”

“विचारा की तिलाच,” व्यंकटराव म्हणाले.

“काय गं, गाता येतं?”

“न्हाई सर.”

“एक सा लाव बघू.”

 आणि मग वैष्णवीनं सा लावला.

तो सा काळी चारचाही नव्हता आणि पांढरी चारचाही नव्हता. तो निघाला एका गावाहून आणि भलत्याच गावाला जाऊन थांबला. व्हरांड्यावरचं कबुतर उडालं. धनसिंगनी घाबरून सरांकडं पाहिलं. बारा वर्षं सर बेसूर ऐकून डोकं धरत आले होते. आज ते दोन्ही हात छातीशी जोडून, टाचा उचलून, डोळे मिटून तो सा ऐकत होते. इतका गोड स्वर त्यांनी जन्मात ऐकला नव्हता.

आतून पुजाचा कळवळलेला आवाज आला, “पुरे गं बाई, पुरे!”

“पुरे,” पर्यवेक्षकही म्हणाले. “खात्री झाली. चालू करा.”

गेलेली पंधरा मिनिटं व्यंकटरावांनी वाढवून दिली, आणि तसं स्वतःच्या सहीनं लिहूनही ठेवलं, कुणी न मागता.

निकाल जूनमध्ये आला. कारकुनानं यादी फळ्यावर लावायच्या आधीच सरांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली. पुजा आणि धनसिंग संगीताच्या खोलीत बसले होते. सर दारातूनच ओरडले, “शास्त्र, पन्नासपैकी त्रेचाळीस!”

“पुन्यांदा वाचा,” पुजा म्हणाली.

“त्रेचाळीस.”

“आजून एकदा.”

सरांनी वाचलं. धनसिंगनी पागोटं काढलं, पुन्हा घातलं, आणि बाहेर जाऊन दिसेल त्या माणसाला सांगू लागले.  पुजानं मात्र विचारलं, “सात कुठं गेले?”

“अगं, त्रेचाळीस मिळाले त्याचं बघ की!”

“मिळाले ते मला ठाऊकच होते. सात कुठं गेले ते सांगा.”

सर बसले. पुजानं सगळा पेपर पुन्हा म्हटला, जसा एप्रिलमध्ये सांगितला होता तसा. सर डोळे मिटून ऐकत होते. चौथ्या प्रश्नात त्यांनी हात वर केला आणि मग तिला दिसत नाही हे आठवून म्हणाले, “थांब. तंबोऱ्याचे भाग सांगितलेस. भोपळा, घोडी, मणके, खुंट्या. जवारी राहिली. सातातले बरेच तिथंच गेले.”

“राहिली?”

“राहिली. घोडीवर दोरा सरकवून ज्यानं तारेला गुंजन येतं, तीच जवारी तू विसरलीस.”

पुजानं मनात उत्तर फिरवून पाहिलं. खरंच नव्हती. “वैष्णवीनं गाळली नसंल?”

“तू आत्ता मला सांगितलंस त्यातही नव्हती.”

“म्हंजे ही चूक माझी?”

“तुझी. सगळीच्या सगळी तुझी.”

पुजाचा चेहरा असा फुलला की सरांनी तो त्रेचाळीस ऐकतानाही पाहिला नव्हता. ती उठली, हातानं बाकांची रांग चाचपत दाराशी गेली आणि बाहेर हाक मारली, “बापू, आयकलं का? माझी चूक निघाली! माझी सोताची!”

धनसिंग धावत आले, घाबरले, दोनदा खाकरले. “मग? पास राहिली का न्हाई आता?”

“राहिली हो, राहिली,” सर म्हणाले आणि कोपऱ्यातल्या तंबोऱ्याची गवसणी सोडू लागले. “पुजा, इकडं ये. जवारी कशी लावतात ते बोटांनी बघून घे. तिसऱ्या वर्षाचा पहिला तास चालू झाला.”